कणगीवरची आक्का, उंबऱ्यावरचा बंड्या

ज्या जमिनीवर आमचे घर उभे आहे, तिच्या सातबाऱ्यावर डझनभराहून अधिक नावे आहेत. त्यांतली निम्मी माणसे मला फक्त गणपतीत भेटतात आणि उरलेली तेव्हाही भेटत नाहीत. रत्नागिरी तालुक्यातल्या या कौलारू घरात बारमाही राहणारी माणसे तीनच: माझी आई, माझी पत्नी आणि मुंबईची नोकरी संपवून गावी परतलेला मी. आमच्याखेरीज येथे एक कुत्रा आणि काही मांजरे राहतात, आणि घराची खरी वाटणी त्यांनीच केलेली आहे. आमच्या भाऊबंदांना जे तीन पिढ्यांत जमलेले नाही, ते यांनी तलाठ्याला न बोलावता जमवले. कोणती जागा कोणाची, ती कोणत्या वेळी कोणाची, आणि कोण आल्यावर कोणी उठायचे, याचे त्यांचे नियम इतके पक्के आहेत की ते मोडलेच तर बहुधा आम्हा माणसांकडून मोडले जातात.

या वाटणीचा पहिला निकष उंचीचा आहे. जमीन कुत्र्याची आणि जमिनीच्या वरचे सगळे मांजरांचे. बंड्या हा बदामी रंगाचा, एक कान उभा आणि एक पडका असलेला गावठी कुत्रा. खळे, पडवी, ओटी आणि उंबरा ही त्याची हद्द. गुळ्या नावाचा पिवळा बोका माळ्याच्या शिडीवर आणि आढ्याखालच्या तुळईवर असतो. शेवंती ही राखाडी-पांढरी मांजर खिडकीतून आत येते आणि खिडकीतूनच बाहेर जाते. तिला जमिनीला पाय लावलेले फारसे आवडत नाहीत. या सगळ्यांवर ज्येष्ठतेने आणि दराऱ्याने जिची सत्ता होती ती आक्का, म्हणजे गुळ्याची आई, माजघरातल्या कणगीवर बसत असे. कणगी बांबूची विणलेली, शेणाने सारवलेली, माणसाच्या छातीपर्यंत येणारी. तिच्या तोंडावर फळी आणि फळीवर गोणपाट. त्या गोणपाटावरून माजघराची तिन्ही दारे एकाच वेळी दिसतात, आणि ही गोष्ट घर बांधणाऱ्या आमच्या पणजोबांच्या कधी लक्षात आली असेल असे मला वाटत नाही.

आक्का तिरंगी होती: काळी, पिवळी आणि पांढरी. अशी मांजरे जवळजवळ नेहमी माद्याच असतात, कारण केसांना पिवळा रंग देणारे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि अंगावर काळे व पिवळे असे दोन्ही रंगांचे ठिपके उमटायचे तर दोन एक्स लागतात. बोक्याला एकच एक्स मिळतो, तोही आईकडून. म्हणून आक्काचा मुलगा एकतर काळा तरी व्हायचा किंवा पिवळा तरी. हे सगळे मी एकदा आईला मोठ्या उत्साहाने समजावून सांगितले. तांदूळ निवडता निवडता तिने ते ऐकून घेतले आणि म्हणाली, "मग त्यात नवल काय? मुलगे आईवरच जातात."

मांजर कणगीवर का बसते, याचे सरळ उत्तर तेथून उंदीर दिसतात हे आहे, आणि हे उत्तर फार जुने आहे. माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे पश्चिम आशियातली व आफ्रिकेतली रानमांजरे वस्तीच्या कडेला आली, असे संशोधक मानतात. सायप्रस बेटावर एका माणसाच्या शेजारी पुरलेले मांजर २००४ साली उजेडात आले. ते दफन सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे आहे. कुत्र्याची गोष्ट याहून पुष्कळ जुनी आणि वेगळी आहे. तो किमान पंधरा हजार वर्षांपासून माणसासोबत आहे, म्हणजे कणगी, कोठार, भिंत, छप्पर यांपैकी काहीही नव्हते तेव्हापासून. जर्मनीत बॉन शहराजवळ १९१४ साली एक दफन सापडले. त्यात सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचा एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत कुत्र्याचे एक पिल्लू होते. त्या पिल्लाच्या दातांवरच्या खुणांवरून त्याला डिस्टेंपर हा कुत्र्यांचा जीवघेणा रोग झाला होता आणि तरीही ते काही आठवडे जगले होते असे दिसते. कोणीतरी त्याला भरवले असल्याखेरीज, पाणी पाजले असल्याखेरीज हे शक्य नव्हते. कुत्रा माणसापाशी आला तेव्हा माणसापाशी घर नव्हते. मांजर आली ती घरापाशी, आणि घरात माणूसही आहे हे तिने नंतर चालवून घेतले. माझ्या मते या दोन प्राण्यांच्या वागण्यातला जवळजवळ प्रत्येक फरक येथून निघतो, आणि ज्याला तो पाहायचा असेल त्याने मे महिन्यात आमच्याकडे यावे.

मे महिन्यात घर शाकारले जाते. गडी छपरावर चढतात, फुटकी कौले उतरवतात, वाळवी लागलेल्या रिपा बदलतात आणि दोन-तीन दिवस माजघरात थेट ऊन पडते. बंड्याला हे दिवस सणासारखे वाटतात. गड्यांची न्याहारी कोठे ठेवली आहे हे त्याला त्यांच्या आधी ठाऊक असते, त्यांच्यापैकी कोण भाकरीचा तुकडा टाकतो आणि कोण दगड उचलतो हे पहिल्या तासात त्याने ताडलेले असते, आणि डोक्यावर कौले आहेत की आभाळ आहे याची त्याने आजवर चौकशी केलेली नाही. आम्ही आहोत, म्हणजे घर आहे. आक्का मात्र पहिले कौल खाली येताच पोट जमिनीला घासत मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या खोपटात, निघून जाई आणि काम चालू असेपर्यंत मांगरातल्या गवताच्या भाऱ्यांमागून बाहेर येत नसे. माणसे तीच, आवाज तेच, तिच्या थाळीतले मासेही तेच. पण घर तिच्या ओळखीचे राहिलेले नसे.

गेल्या खेपेला काम संपल्यावर ती परत आली तेव्हा मी माजघरात वाचत बसलो होतो, म्हणून तिचे येणे जवळून पाहता आले. तिने आधी उंबऱ्याचा डावा कोपरा हुंगला आणि त्याला गाल घासला. मग दाराची चौकट, मग मधला खांब, आणि प्रत्येक ठिकाणी आधी नाक व मग गाल, कारण मांजराच्या गालांत गंधग्रंथी असतात आणि जेथे तिचा वास आहे तेथपर्यंतच तिची वस्ती असते. कोपऱ्यात नव्या रिपेचा एक तुकडा पडला होता. त्याच्यापाशी ती थबकली, हुंगून झाल्यावर तोंड अर्धवट उघडे ठेवून, वरचा ओठ किंचित आखडून, एखाद्या शंकेखोर गिऱ्हाइकासारखी स्तब्ध उभी राहिली. मांजराच्या टाळूत वास घेणारे एक वेगळे इंद्रिय असते आणि नाकाने निकाल लागला नाही की ती त्याला विचारते. तो तुकडा तिने मान्य केला नाही. त्याला वळसा घालून तिने उरलेले खांब पुरे केले आणि मध्यरात्रीच्या सुमारास कणगीवर उडी घेतली. सकाळी आईने तो तुकडा चुलीत घातला.

आईचे म्हणणे असे की, "मांजर वाशाला बांधलेलं असतं आणि कुत्रं माणसाला." तिच्या या सूत्राला मी एक पुरवणी जोडू इच्छितो. मांजराला माणसाची ओढ नसते, हे मला पटत नाही. आई दुपारी आडवी झाली की आक्का कणगीवरून उतरून तिच्या पायांशी जाई; माझ्या किंवा पत्नीच्या पायांशी ती कधीही गेली नाही. मोठी झालेली मांजरे आपसांत फारशी म्यॅव म्यॅव करत नाहीत. तो आवाज त्यांनी मुख्यतः माणसांसाठी राखून ठेवलेला असतो, आणि आक्काने आईला घातलेली साद आम्हाला घातलेल्या सादेपेक्षा आखूड आणि खालच्या पट्टीतली होती. ज्याच्याशी बोलायचे नाही त्याच्यासाठी कोणी वेगळा स्वर ठेवत नाही. फरक इतकाच की आई चार दिवस रत्नागिरीला लेकीकडे गेली तर आक्का वेळेवर जेवत असे आणि बंड्या पडवीच्या टोकाला, गाडीरस्त्याकडे तोंड करून, भरल्या थाळीकडे पाठ फिरवून बसत असे.

दुसरा निकष वेळेचा, आणि तो ठरवण्यात बिबट्याचा हात आहे. कोकणात बिबट्याला वाघच म्हणतात. थंडीच्या दिवसांत अमक्याच्या खळ्यातून वाघाने कुत्रा नेला ही बातमी इतकी नेहमीची असते की ती सांगताना कोणी आवाजही चढवत नाही. त्यामुळे दिवेलागणीला बंड्याला घरात घ्यावेच लागते. अडचण अशी की संध्याकाळचा आणि पहाटेचा संधिप्रकाश हाच मांजरांच्या हिंडण्याफिरण्याचा खरा वेळ. बंड्या दिवसभर खळे राखून आत येतो त्याच वेळी गुळ्या आळोखेपिळोखे देत माळ्यावरून उतरतो आणि माजघराच्या दारात दोघांची गाठ पडते. गुळ्याचे वजन बंड्याच्या पाचव्या हिश्श्याइतके असेल. तरीही तो उंबऱ्यावर आडवा पडला की बंड्या तेथेच थांबतो. तो गुळ्याकडे पाहत नाही. आढ्याकडे पाहतो, कोनाड्याकडे पाहतो, जणू आपण येथे थांबलो आहोत ते छपराची पाहणी करण्यासाठी. बराच वेळ गेला तर बारीक आवाजात कुरकुरतो, आणि ती कुरकुर गुळ्याला उद्देशून नसून माझ्या पत्नीला उद्देशून असते: कोणीतरी येऊन याला उचला.

नजर टाळणे त्याला शिकावे लागले आहे. कुत्र्याची आणि मांजराची अंगभाषा अनेक ठिकाणी एकमेकींच्या विरुद्ध जाते. कुत्रा बहुधा खुशीत शेपूट हलवतो, मांजर वैतागली की शेपूट आपटते. ती शेपूट काठीसारखी सरळ उभी धरून आली तर ते स्वागत असते. कुत्र्याने पुढचे पाय पसरून, छाती खाली टेकवून, मागचा भाग वर केला तर तो खेळायला बोलावत असतो, आणि मांजराला त्यात झडप दिसते. एकत्र वाढलेल्यांनाच हे दुहेरी व्याकरण सहज येते. बंड्या एसटीच्या थांब्यामागे गोणीत टाकलेला सापडला तेव्हा दूध नुकते सुटलेल्या वयाचा होता, आणि त्या दिवसांत आक्काला पिल्ले होती. कुत्र्याच्या पिल्लाला पहिल्या तीनेक महिन्यांत आणि मांजराच्या पिल्लाला त्याहूनही लवकर, दुसऱ्या ते सातव्या आठवड्याच्या दरम्यान, जे जे भेटते ते पुढे आयुष्यभर आपल्यातले वाटते. बंड्या आणि गुळ्या या दोघांनाही तो काळ एकाच टोपलीत मिळाला. आक्काने बंड्याला चाटून स्वच्छ केले, त्याचे दात लागले तेव्हा नखे आत ओढून त्याच्या नाकावर चापट दिली, आणि तो तिच्यापेक्षा मोठा झाल्यावरही ती चापट चालू ठेवली. शेवंती याच्या उलट, चांगली वयात आल्यावर एका पावसाळ्यात येऊन राहिली. तिने बंड्याला आजतागायत जवळ केलेले नाही आणि बंड्यानेही आग्रह धरलेला नाही. ती खिडकीच्या उंचीवर, तो जमिनीवर, आणि दोघांमधल्या हवेत कोणतेही वैर नाही. सगळ्यांनी एकमेकांवर प्रेम करावे अशी अपेक्षा घरातल्या माणसांचीच असते.

जेवणाच्या बाबतीत मात्र वाटणीची गरजच पडलेली नाही, कारण ती निसर्गाने आधी करून ठेवली आहे. मांजराला गोड चव कळत नाही. गोडी ओळखणारा जिभेवरचा ग्राही (रिसेप्टर) तयार करण्यासाठी लागणारे एक जनुक तिच्या कुळात निकामी झालेले आहे, हे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. म्हणून मे महिन्यात झाडावरून पडलेल्या हापूसवर बंड्या बाठ्यासकट तुटून पडतो (आणि बाठा घशात अडकू नये म्हणून आम्हाला त्याच्या मागे धावावे लागते), तर गुळ्या त्याच आंब्यावरून पाय उचलून पलीकडे जातो. बंड्याला भाकरी पचते. लांडग्याच्या तुलनेत कुत्र्यात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती पुष्कळ वाढलेल्या आहेत, हे २०१३ साली दाखवले गेले. माणसाच्या ताटातले उरलेसुरले खात खात त्याचे पोटच माणसासारखे होत गेले. मांजराचे तसे झालेले नाही. टॉरिन नावाचा घटक तिला मांसमाशांतूनच घ्यावा लागतो आणि तो मिळाला नाही तर तिची नजर आणि हृदय दोन्ही बिघडतात. तिला दूधभातावर ठेवणारी सोज्वळ घरे मी पाहिली आहेत. ती मांजरे जगतात ती त्या घरांच्या पुण्याईवर नव्हे, शेजारच्या घरांतल्या उंदरांवर. कुत्र्याने पोळी पळवली म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तेथे मांजर असती तर तिने पोळी तेथेच टाकली असती आणि तुपाकडे मोर्चा वळवला असता. नामदेवांना धावावे लागले नसते.

आमच्याकडे मासेवाली मावशी सकाळी दहाच्या सुमारास येते. ती वळणावर असतानाच शेवंती खिडकीत आणि गुळ्या पायरीवर हजर असतो. मावशी टोपली उतरवून आधी दोन पेडवे त्यांच्यापुढे टाकते आणि मग आम्हाला भाव सांगते, ज्यात ते दोन पेडवे धरलेले असतात असा मला दाट संशय आहे. "तुमच्या घरात माणसं कमी आणि शेपट्या जास्त हो, वहिनी," असे ती माझ्या पत्नीला दर आठवड्याला ऐकवते. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते, आणि ते दोन महिने या घरात खरा उपवास फक्त मांजरांना घडतो. मिरगाच्या पहिल्या जोरदार पावसात पऱ्ह्याला, म्हणजे ओढ्याला, चढणीचे मासे येतात तेव्हा काही दिवस त्यांची चंगळ होते. पुढे सारा भार सुकटीवर, आणि तीही मीठ निघावे म्हणून धुऊन, उकडून, पाणी टाकून. या दिवसांत गुळ्या दहा वाजता पायरीवर येऊन बसतो, वळणाकडे पाहतो आणि मग मागे वळून माझ्याकडे पाहतो. बंदीचा हुकूम मी काढलेला नाही हे त्याला समजावण्याचा प्रयत्न मी सोडून दिला आहे.

पाऊस लागला की गोचिडी येतात, आणि कुत्रा व मांजरे एकत्र असलेल्या घराला सर्वांत जपून राहावे लागते ते येथे. कुत्र्याच्या अंगावर गोचिडींसाठी लावायच्या काही औषधांत परमेथ्रिन असते. कुत्र्याला ते चालते आणि मांजराला ते विष आहे; तिचे यकृत ते नीट निकामी करू शकत नाही, तिला झटके येतात आणि ती दगावू शकते. ते तिला लावावेच लागते असे नाही. औषध लावलेल्या कुत्र्याला बिलगून ती झोपली किंवा तिने त्याची मान चाटली, तरी पुरते, आणि आमच्याकडे या दोन्ही गोष्टी रोज घडतात. तालुक्याच्या दवाखान्यातल्या पशुवैद्यांनी हे पहिल्याच भेटीत बजावले, त्यामुळे बंड्यासाठी आलेली प्रत्येक बाटली पत्नी चष्मा लावून, बारीक अक्षरांसकट वाचते. माणसाची पॅरासिटामॉलची गोळीही मांजराच्या जिवावर बेतते, म्हणून आमच्या औषधांचा डबा आता कडी असलेल्या फडताळात गेला आहे. लशींच्या बाबतीत मात्र या दोन कुळांचे नाते चमत्कारिकच आहे. कुत्र्यांचा पार्व्हो हा रोग जगात १९७८ च्या सुमारास एकाएकी सगळीकडे दिसू लागला, आणि तो विषाणू मांजरांमधल्या तशाच एका विषाणूच्या कुळातून निघालेला आहे. रेबीजची लस चौघांनाही. कुत्र्याला दवाखान्यात नेणे म्हणजे त्याला स्कूटरवर बसवणे इतकेच. मांजराला न्यायचे तर आंब्याची पेटी, तिला आणखी भोके, वरून सुतळी आणि वाटेतल्या प्रत्येक माणसाला "आंबे नाहीत" हे सांगणे.

आक्काची ती शेवटची पेटी उन्हाळ्यात गेली. म्हातारपणी मांजरांचे मूत्रपिंड थकते. तिचेही थकले होते. ती सारखी पाणी पिऊ लागली, अंगावरचे मांस उतरले, पाठीचा कणा हाताला लागू लागला. कणगीवर उडी जमेना तेव्हा पत्नीने रिकाम्या पेट्यांच्या पायऱ्या रचून दिल्या. काही आठवडे ती त्या पायऱ्यांनी, मध्येच थांबून, वर जात राहिली. मग एका संध्याकाळी ती खालीच राहिली आणि बंड्याच्या गोणपाटावर जाऊन झोपली. जमिनीवरची जागा, आणि तीही दिवेलागणीची वेळ: वाटणीतले दोन्ही नियम एकदम मोडले होते. बंड्या आत आला, तिला हुंगला, तिच्या कानापाशी बराच वेळ नाक धरून उभा राहिला आणि दाराच्या दुसऱ्या बाजूला, उघड्या जमिनीवर जाऊन पडला. पुढच्या सगळ्या रात्री तो तेथेच झोपला. यामागे दया होती, सवय होती की तिच्या अंगाला येणाऱ्या आजाराच्या वासाची धास्ती होती, हे मी ठरवू शकत नाही. त्याने जागा सोडली, एवढे मी पाहिले.

गणपती गेल्यावर, भाद्रपदातच, ती गेली. जांभ्याच्या जमिनीत खड्डा खणणे सोपे नसते. पहार लागली, शेजारचे काका मदतीला आले, आणि रातांब्याखाली तिला पुरल्यावर आम्ही वर जांभ्याचे दोन चिरे ठेवले, कारण कोल्हे उकरतात. आई ओटीवर बसून हे पाहत होती. "चिरा सरळ बसव रे, डुगडुगतोय," एवढेच ती बोलली.

कणगी त्यानंतर रिकामी राहिली. गुळ्या पेट्यांच्या पायऱ्यांवर एकदोनदा चढला, वरच्या गोणपाटाला नाक लावले आणि परत फिरला. शेवंती, जी घरातल्या प्रत्येक उंच जागेवर डोळा ठेवून असते, ती तर त्या बाजूला फिरकलीही नाही. आई म्हणाली, "सुतक पाळतायत." मी गप्प राहिलो. पुढे कापणी झाली, झोडणी झाली, नवे भात आले आणि ते भरण्यापूर्वी कणगी आतून-बाहेरून शेणाने सारवावी लागली. पत्नीने जुना गोणपाट धुऊन उन्हात टाकला. सारवण वाळले, भात भरले, फळी बसली, धुतलेला गोणपाट वर आला. त्याच संध्याकाळी शेवंतीने खिडकीतून सरळ कणगीवर उडी घेतली, एक गिरकी घेतली, गोणपाटाला दोन्ही गाल घासले आणि माजघराच्या तिन्ही दारांकडे तोंड करून बसली. कणगीवर आक्काचा वास होता तोवर आक्काचा ताबा होता, आणि सारवणाने तो उठवला, असे मला वाटते. आईचे मत अजूनही सुतकाचे आहे. दोन्ही मतांचा हिशेब अखेर तेवढ्याच दिवसांवर येतो, त्यामुळे आमचा वाद पुढे सरकत नाही.

आता नवा प्रश्न न्हाणीघरात आहे. मार्गशीर्षात कोणीतरी आमच्या गडग्यावर एक काळे पिल्लू ठेवून गेले. मांजरवेड्या घराचा पत्ता पंचक्रोशीत चटकन पसरतो. डोळे उघडलेले, चालणारे, पण दात अजून बारीक. त्याला एकदम चारचौघांत सोडायचे नाही हे ठरले आणि चुलाण्याच्या उबेला न्हाणीघरात त्याची सोय झाली. त्याच्या अंगाखालचे फडके आम्ही रोज काढून बंड्याच्या आणि गुळ्याच्या जागेवर टाकतो आणि त्यांच्या अंगाखालचे फडके त्याला देतो, म्हणजे ओळख आधी वासाने व्हावी आणि तोंडे नंतर दिसावीत. बंड्याने ते फडके पहिल्याच दिवशी आपल्या पायांमध्ये ओढून घेतले. गुळ्या त्याच्यावर फिस्कारला, फिरून आला, पुन्हा फिस्कारला, आणि हल्ली त्याला नुसता वळसा घालतो, जी माझ्या मते प्रगती आहे. शेवंतीला फडके दाखवलेलेच नाही. कणगीचा ताबा घेतल्यापासून ती कोणाचेही निवेदन ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नाही.

पिल्लाने मात्र न्हाणीघर पूर्णपणे आपल्या नावावर करून घेतले आहे. तांब्याच्या हंड्यामागची जागा झोपेची, चुलाण्याची राख त्याला वेगळ्याच कामाची वाटते, आणि कोणी बादलीत पाणी ओतले की ते मोरीच्या कट्ट्यावर चढून निषेध नोंदवते. त्यामुळे आम्ही तिघेही आंघोळीची वेळ त्याच्या झोपेच्या वेळेवर नेली आहे. आई पहाटे, पत्नी नऊनंतर आणि मी, घरातला सर्वांत कनिष्ठ सभासद म्हणून, जेव्हा मिळेल तेव्हा. तीन महिन्यांचे झाल्यावर त्याला रेबीजची लस द्यायची आहे. त्यासाठी पेटी लागेल, आणि आंब्याला अजून अवकाश असल्यामुळे ती कोठून मिळवायची याची चौकशी चालू आहे.